कोळीगीत पियानोवर: डावा हात कसा बसवायचा?

हर्णै_बंदर

नमस्कार मंडळी.

मी मूळचा पेटीवाला. वाडीतलं भजन, गणपतीच्या आरत्या, पालखीपुढचं गाणं, सगळीकडे पेटी वाजवत आलो. आता घरात ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आला आहे. उजव्या हाताचं काही अडत नाही, ऐकलेली चाल बोटांत येते. अडतं ते डाव्या हाताचं. पेटीवर हा हात कायम भात्यावर होता. स्वरांवर तो कधी पडलाच नाही.

बसवायचं आहे एक नारळी पौर्णिमेचं गाणं. आमच्याकडे बायका फेर धरून म्हणतात. छापलेलं नाही, कुठे ध्वनिमुद्रित झालेलंही नाही. आत्याच्या तोंडून ऐकूनच ते मला येतं. आत्या काळी चारमध्ये गाते, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी तिचा सा. चाल सहा मात्रांची, झुलती. ध्रुवपद असं:

सा – रे | ग – ग
ग म ग | रे – सा
रे – रे | रे ग रे
सा – नी॒ | सा – –

शेवटच्या ओळीतला नी कोमल आणि मंद्रातला. बाकी सगळं शुद्ध.

डाव्या हाताला मी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन स्वर, लावून पाहिले. तीन अडचणी आहेत. तिसऱ्या-चौथ्या ओळीत काहीतरी बोचतं. खालचे स्वर गढूळ येतात, नुसता घुमारा होतो. आणि दोन्ही हात एकत्र घेतले की उजवा हात डाव्याच्या मागे जाऊन सरळसोट वाजायला लागतो, झोल निघून जातो. तिसरी अडचण सगळ्यात मोठी, कारण झोल गेला की ते गाणं आत्याचं उरत नाही.

पौर्णिमेला आत्या गाईल आणि मी साथ करीन असं मनात आहे. जाणकारांनी मदत करावी.

पांढरी_चार

कॉर्ड कुठले लावताय ते सांगा. त्याशिवाय काय बोचतं ते कळणार नाही.

हर्णै_बंदर

पहिल्या दोन ओळींना सा-ग-प. तिसरीला प-नी-रे. चौथीला परत सा-ग-प. शिकवण्याच्या व्हिडिओंत सगळीकडे हेच सांगतात: सा, म आणि प या तीन कॉर्डांत कुठलंही गाणं बसतं.

वसई_कॉयर

सापडलं. तुमच्या प-नी-रे मध्ये नी शुद्ध आहे आणि आत्याचा नी कोमल. तिसऱ्या ओळीत डावा हात शुद्ध नी वाजवून ठेवतो, त्याची आस अजून कानात असते, तेवढ्यात चौथ्या ओळीत आत्या कोमल नी लावते. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर. बोचणारच.

मी चर्चच्या कॉयरला ऑर्गन वाजवते, त्यामुळे प-नी-रे वरून सा वर येणं माझ्या बोटांतच आहे. युरोपातल्या संगीतात ओळ संपल्याची खूण तीच. शुद्ध नी सा कडे ओढतो, आणि त्या ओढीवरच सगळी इमारत उभी असते. पण तुमच्या चालीत ती ओढ नाही. ती रे वर रेंगाळते, कोमल नी ला स्पर्श करून खालून सा वर येते. हे वळण खमाज रागाच्या अंगाचं. तिथे प चा कॉर्ड लावायचाच झाला तर तो प-कोमल नी-रे असा लावा. त्याहून चांगला म्हणजे कोमल नी वरचाच कॉर्ड: कोमल नी, रे, म. तिसरी ओळ बघा, सगळी रे वर उभी आहे, आणि रे या कॉर्डाच्या मधोमध बसतो. वरचा ग येताजाता लागतो, तो खटकत नाही. वाजवून बघा, तिसरी ओळ उघडी झाल्यासारखी वाटेल.

आमच्याकडे लग्नात उंबराचं पाणी आणायला जाताना बायका जी गाणी म्हणतात, त्यांतही हेच दिसतं. आमच्या वसईच्या बँडवाल्यांनी त्यांना ब्रासवर तीन कॉर्डांत बसवलं आहे. ऐकायला भरगच्च लागतं, पण म्हाताऱ्या बायका त्या नी पाशी आवाज दाबतात. मी जवळ उभं राहून ऐकलं आहे: बँड शुद्ध नी वाजवतो, त्यांचा गळा कोमलवर जातो, आणि तेवढा एक स्वर त्या हळू म्हणतात. तेव्हापासून मी लोकगीताला आधी गळा ऐकते, कॉर्ड नंतर.

गढूळपणाचं रात्री लिहिते, कॉयरची वेळ झाली.

देवगड_आंबा

काळी चारमध्ये कशाला अडकताय? डिजिटल पियानोला ट्रान्सपोजचं बटण असतं. पांढरी एक सा धरा, बटणाने पट्टी चढवा-उतरवा, हात सगळे पांढऱ्यांवर. नवशिक्या डाव्या हाताला तेच सोपं.

मालवणी_पेटी

हर्णैकरानू, तुमचो डावो हात अडाणी नाय. माका वाटता तुमी त्येका उगाच कमी लेखतात.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनाला पेटी धरतो. कसलेला पेटीवाला भाता एकसारखा मारत नाही. बुवांनी ओळ उचलली की हवा वाढते, बुवा श्वास घेतात तिथे भाता सोडतो, गजर चढला की हात आखूड आणि जलद होतो. ओळीचं वजन कुठे, दम कुठे, हे तुमच्या डाव्या हाताला उजव्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याला फक्त स्वरांच्या जागा दाखवायच्या आहेत.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. पेटीवर पट्टी दाबून ठेवली आणि हवा चालू असली की स्वर तेवढ्याच जोराने टिकतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीवाला पियानोवर आला की डाव्या हाताने सा-प दाबून धरतो, चार ओळी तसाच बसतो, आणि दुसऱ्या ओळीलाच खाली काही उरलेलं नसतं. मग हात घाबरतो आणि भराभर स्वर भरायला लागतो. पियानोवर आधारस्वर परत परत वाजवावा लागतो. कधी वाजवायचा, एवढाच प्रश्न.

घुमटवाला

कधी वाजवायचा त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

मी घुमट वाजवतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं लावतात. गोव्याने २०१९मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. घुमटात उजवा हात चामड्यावर पडतो आणि डावा हात उघड्या तोंडावर असतो. डावा काही बडवत नाही. तो तोंड झाकतो, उघडतो, आणि त्यावर आतली हवा ‘घुम्’ म्हणते की ‘टुप्’ म्हणते ते ठरतं. ढोलकीतही खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, डाव्या पुडीला. नमनाच्या मृदंगातही तसंच. खर्ज सांभाळणं हे आपल्याकडे पूर्वापार डाव्या हाताचं काम आहे, पियानोवर वेगळं काही करायचं नाही.

तुमच्या सहा मात्रा मी अशा मोजतो: धा धिं ना, धा तिं ना. पण कोळी गाण्यात वजन सहाही मात्रांवर सारखं नसतं. १ वर जड, २ रिकामी, ३ वर हलकी टिचकी, ४ वर मध्यम, ५ रिकामी, ६ वर टिचकी. लांब-आखूड, लांब-आखूड. तुमचा झोल त्या ३ आणि ६ मध्ये आहे. व्हिडिओंतल्यासारखे सहाच्या सहा मात्रांना कॉर्डाचे सुटे स्वर वाजवलेत तर २ आणि ५ भरून जातात आणि गाणं सपाट होतं. उजवा हात डाव्याच्या मागे जातो असं तुम्ही म्हणालात ना, तो जाणारच, कारण डावा त्याला चुकीचा ताल सांगतोय.

तेव्हा डाव्या हाताला असं द्या:

१ खालचा सा
२ –
३ प
४ वरचा सा
५ –
६ प

तिसऱ्या ओळीला हेच सगळं कोमल नी वर सरकवा: खालचा कोमल नी, म, वरचा कोमल नी, म. चौथीला परत सा वर. संपलं. एवढंच वाजवा.

रत्नांग्री

वाचतोय. जाखडीला आम्ही मधे बसून गातो, भोवती नाचणाऱ्यांच्या एका पायात चाळ असतात. तो चाळांचा पाय पडतो तेव्हाच खर्ज हवा, हे घुमटवाल्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

वसई_कॉयर

आता गढूळपणा. यात थोडं गणित आहे, पण कामाचं आहे.

पियानोच्या डाव्या टोकाकडे गेलात तर तिथली एक काळी चार सुमारे ५२ हर्ट्झची आहे आणि तिचा ग साधारण ६५ हर्ट्झचा. दोघांत जेमतेम १३चा फरक. इतक्या खाली इतके जवळचे दोन स्वर कानाला वेगळे काढता येत नाहीत, खरखर ऐकू येते. तोच सा-ग दोन सप्तकं वर घ्या: २०८ आणि २६२. फरक ५४, आणि गोड लागतो. सा-प ची गोष्ट वेगळी. सा च्या पोटातला तिसरा उपस्वर (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारा बारीक स्वर) आणि प च्या पोटातला दुसरा उपस्वर जवळजवळ एकाच जागी पडतात, म्हणून सा-प बरंच खाली नेलं तरी स्वच्छ राहतं. नियम साधा: डाव्या हाताने खाली ग वाजवायचा नाही. ग हवाच असेल तर मधल्या सप्तकात.

तुमच्या गाण्यात तर मी डाव्या हाताला ग देणारच नाही, आणि त्याला दुसरंही कारण आहे. पियानोचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले तर पियानोचा ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा सुमारे १४ भाग चढा आहे. प चा फरक अवघा २ भागांचा. आत्या आयुष्यभर मोकळ्या गळ्याने गात आल्या आहेत, त्यांचा ग स्वतःच्या जागी लागतो. तुमचा डावा हात खालून दुसरा ग वाजवत राहिला तर त्यांचा ग हळूहळू चढेल. सा-प ठेवलात तर त्या मोकळ्या राहतील. घुमटवाल्यांनी तालाच्या अंगाने जे लिहिलं, तिथेच मी स्वराच्या अंगाने पोचले याचा मला फार आनंद झाला.

देवगड_आंबा, ट्रान्सपोज वाईट नाही, पण या गाण्याला काळी चारच सोपी आहे. मोजून बघा. काळी चार सा. तिचा प म्हणजे काळी दोन. कोमल नी म्हणजे काळी तीन. म म्हणजे काळी एक. डाव्या हाताला लागणारे चारही स्वर काळ्यांवर! पांढऱ्यांच्या सपाट रांगेत नवीन हाताला जागा सापडत नाही. काळ्या दोनाच्या आणि तीनाच्या गटात असतात, न बघता चाचपता येतात. पियानोचा मोठा संगीतकार शोपां आपल्या शिष्यांना पहिली स्केल सगळ्या पांढऱ्यांची सी मेजर देत नसे, बी मेजर देई, कारण पाच काळ्यांवर लांब बोटं आपसूक बसतात. उजव्या हातालाही या चालीत फक्त ग पांढऱ्यावर आहे.

बोटं: करंगळी खालच्या सा वर, तर्जनी प वर, अंगठा वरच्या सा वर. कोमल नी ला हाताचा हाच आकार जसाच्या तसा एक काळी डावीकडे सरकतो. आकार बदलत नाही, फक्त जागा बदलते. मनगट सैल, कोपर हाताबरोबर सरकू द्या.

देवगड_आंबा

मोजून बघितलं. बरोबर आहे, सगळे काळ्यांवर येतात. माझं बटण मागे घेतो.

पांढरी_चार

आता हात एकत्र कसे आणायचे ते. मी लहान मुलांना कीबोर्ड शिकवते, त्यामुळे रोज हेच बघते.

डावा हात एकटा, बघत बघत, मग न बघता. मग डाव्या हाताने वाजवत तोंडाने गाणं म्हणायचं, उजवा हात मांडीवर. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच अडतात. गळा आणि डावा हात यांची जोडी जमल्याशिवाय उजवा हात आणायचाच नाही. तुम्हाला तर चाल पाठ आहे, म्हणून ही पायरी तुम्हाला फार लवकर साधेल. गाता गाता डावा हात अडखळला तर समजायचं की हात अजून विचार करतोय. त्याने विचार करायचं थांबवलं की मग उजवा.

उजवा आणतानाही पूर्ण ओळ नको. पहिली मात्रा दोन्ही हातांनी एकदम, आणि थांबा. मग पहिली ते चौथी, थांबा. चौथीवर दोन्ही हात परत एकत्र पडतात. १ आणि ४ या तुमच्या भेटीच्या जागा, मधलं आपोआप भरतं. ओळ बदलताना, विशेषतः दुसरीतून तिसरीत जाताना, करंगळीला काळी चारवरून काळी तीनवर जायचं असतं. तेवढा सांधा वेगळा काढून घोटवा: दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या तीन मात्रा आणि तिसऱ्या ओळीची पहिली. बाकी गाणं बाजूला ठेवून तेवढंच.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) अगदी हळू लावा, सहाही मात्रांना ठोका न देता फक्त १ आणि ४ ला. सहा ठोके लावलेत की झोल परत मरेल.

खाडीपलीकडे

इतका त्रास कशाला? कीबोर्डमध्ये सहा मात्रांची ताल आणि कॉर्ड दोन्ही आपोआप वाजतात. डाव्या हाताने एक बोट दाबा, सगळा वाद्यवृंद हजर. आमच्याकडे हळदीला असंच वाजवतात, आणि लोक नाचतात.

घुमटवाला

नाचतात, मान्य. पण तिथे गायक मशीनच्या मागे असतो. आत्यांच्या बाबतीत ते चालायचं नाही. हर्णैकर, एक सांगा: आत्या ओळीच्या शेवटी किती वेळ थांबतात? दर वेळी सारखंच?

हर्णै_बंदर

नाही, हे लिहायचं राहिलं. दोन ओळी झाल्या की फेरातल्या बायका उचलून धरतात, मग आत्या पुढचं कडवं सुरू करते. मधे कधी एक आवर्तन जातं, कधी दोन. कधी कुणी नवी बाई फेरात येते, तिला जागा करून देईपर्यंत आत्या थांबते. आणि कडव्यात कुणाचं तरी नाव घालायचं असतं, ते नाव मोठं असेल तर ओळ लांबते.

घुमटवाला

तेच म्हणतो. हे मशीनला सांगता येत नाही. तुमच्या डाव्या हाताला मात्र येतं. आत्या थांबल्या की सा-प-सा-प फिरवत राहा, आवाज कमी करा, त्यांच्या तोंडाकडे बघा. त्यांनी दम घेतला की पुढच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, थोडं वजन द्या. सा-प चं हे फिरतं आवर्तन कितीही वेळ चालू शकतं, कारण ते कुठे पोचतच नाही, कंटाळाही येत नाही. प-नी-रे ने संपवणारे कॉर्ड लावले असते तर दर चार ओळींनी डाव्या हाताने गाणं संपवलं असतं आणि आत्यांना परत सुरू करावं लागलं असतं.

मालवणी_पेटी

ह्या अगदी खरा. भजनात बुवा अभंग सोडून मधेच दृष्टांत सांगू लागले की पेटीवाला एका स्वरावर भाता हलता ठेवतो. तोच हात.

सड्यावरून

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक १९०६च्या सुमारास कोडाय या दुसऱ्या संगीतकाराबरोबर खेड्यापाड्यांतून फोनोग्राफ घेऊन फिरला आणि शेतकऱ्यांच्या गळ्यातली गाणी मुद्रित केली. मग १९०८-०९मध्ये त्याने ती मुलांसाठी पियानोवर बसवली, छोटे छोटे तुकडे. त्यातल्या अनेकांत डावा हात अगदी थोडा आहे: दोन स्वर धरलेले, किंवा एकच आकृती फिरवत ठेवलेली. त्या गाण्यांतही आपल्या कोमल नी सारखे स्वर आहेत. त्याने चाल कॉर्डांना वाकवली नाही, कॉर्ड चालीतून काढले. हा माणूस वाद्यात कच्चा नव्हता, मोठा पियानोवादक होता. हवे तितके स्वर भरू शकला असता. शिकणाऱ्या हाताला परवडतील असे ते तुकडे आहेत, हर्णैकरांनी मिळवून वाजवून बघावेत. डावा हात कमी वाजवूनही गाणं उभं कसं राहतं ते बोटांना कळेल.

आपल्या किनाऱ्यावरच्या असंख्य चाली आज अशाच आत्या-मावश्यांच्या गळ्यात आहेत. हर्णैकर, पियानो बसेल तेव्हा बसेल. आधी आत्यांचं गाणं फोनवर मुद्रित करून ठेवा, सगळी कडवी, थांबण्यासकट. ही विनंती मी मनापासून करतो.

रत्नांग्री

+१. आणि फोनवर करताना पंखा बंद, समुद्राकडची खिडकी बंद. वारा माईकमध्ये शिरतो.

हर्णै_बंदर

सगळ्यांचे आभार मानावे तितके थोडे. पावसाने दोनदा वीज गेली, तेव्हा बंद पियानोवरच बोटं फिरवली. पांढरी_चार यांची गाऊन वाजवायची पायरी त्या अंधारात फार चांगली झाली, कारण आवाज नव्हता, फक्त गळा आणि हाताचा ठेका होता.

सांगायला आनंद वाटतो की बोचणं गेलं. तिसऱ्या ओळीत कोमल नी खाली आला की आत्याचा रे अधिक मोकळा वाटतो. आत्याला ऐकवलं. तिला कॉर्ड वगैरे काही माहीत नाही. ती म्हणाली, ‘हा, आता पाय पडतो.’ घुमटवाल्यांना ही पोच.

आत्याची सगळी कडवी मुद्रित केली. दोन कडवी मी कधी ऐकलीच नव्हती.

आता नवी अडचण. डाव्या हाताचा अंगठा वरच्या सा वर येतो, आणि उजव्या हाताची चालही त्याच सा पासून सुरू होते. एकाच पट्टीवर दोन बोटं. शिवाय चौथ्या ओळीतला मंद्र कोमल नी तर माझ्या अंगठ्याच्याही खाली जातो, हातांवर हात चढतात.

वसई_कॉयर

याला तीन वाटा आहेत. चाल एक सप्तक वर वाजवा, उजवा हात मोकळा होईल. पण मग पियानो आत्यांच्या वर चमकत राहील आणि त्यांचा आवाज झाकेल. दुसरी वाट: डावा हात एक सप्तक खाली न्या. ८८ पट्ट्यांवर जागा आहे, पण तो खर्ज लहान खोलीत घुमतो.

माझी पसंती तिसरीला. आत्या गात असताना उजव्या हाताने चाल वाजवूच नका. चाल त्यांची आहे, ती दोनदा कशाला? डावा हात ठरल्याप्रमाणे, आणि उजव्या हाताने फक्त बायका उचलून धरतात तेव्हा वरच्या सप्तकात चाल. आत्या परत सुरू झाल्या की उजवा थांबतो. एकट्याने वाजवाल तेव्हा पहिली वाट धरा.

पेडल (स्वर लांबवणारा पायाचा खटका) लावत असाल तर दर आवर्तनाला समेवर सोडून लगेच परत दाबा. सा वरून कोमल नी वर जाताना तर नक्कीच, नाहीतर दोन्ही खर्ज एकमेकांत मिसळतील. खरं तर या गाण्याला मी पेडल लावणार नाही. घुमटवाल्यांच्या २ आणि ५ रिकाम्या राहायला हव्यात, पेडल त्या भरून टाकतं.

पांढरी_चार

पेडल नकोच. सहमत.

हर्णै_बंदर

तिसरी वाट. हे मला सुचलंच नसतं. पेटीवर आपण गायकाच्या पाठीपाठी चाल वाजवतच जातो.

शेवटचा एक प्रश्न. गाणं संपवायचं कसं? बायका टाळ्या वाढवत नेतात आणि एकदम थांबतात. डाव्या हाताने काय करायचं?

मालवणी_पेटी

बायका थांबल्या की तुम्हीही थांबा. त्यांच्याबरोबर, नंतर नव्हे.

वसई_कॉयर

आणि शेवटच्या समेवर खालचा सा आणि प दोन्ही एकदम, आखूड. ग नको, वर मोठा कॉर्ड नको. लय वाढेल तेव्हा ३ आणि ६ वरचा प आधी सोडून द्या, म्हणजे फक्त १ आणि ४ उरतील. हात दमणार नाही आणि झोल बायकांच्या टाळ्या सांभाळतील.

गुहागर_नवी

धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड आहे, आईची फुगडीची गाणी बसवायची आहेत. ६१ मध्ये हे सगळं जमेल का? आई काळी पाचमध्ये गाते.

हर्णै_बंदर

जमेल. ६१ पट्ट्यांचा सगळ्यात खालचा स्वर पांढरी एक असतो, तुमचा खर्जातला काळी पाच सा त्याच्या बराच वर आहे. प पांढऱ्यावर येईल, चारवर. कोमल नी काळी चार, म काळी दोन. म्हणजे सा वर असताना तर्जनी पांढरीवर आणि नी वर गेल्यावर तीन्ही बोटं काळ्यांवर, एवढं लक्षात ठेवा. पण आधी आईचा नी कुठला ते नीट ऐका, कोमल की शुद्ध, की नी येतच नाही. ध्रुवपद सरगममध्ये इथे लिहा, मग बघू.

गुहागर_नवी

लिहिते. आई आत्ता वाडीत भात लावायला गेली आहे, संध्याकाळी आली की म्हणायला सांगते आणि मुद्रित करते.